तांब्याच्या वॉटर ब्लॉकवर हिरवा थर: कोणता लेप लावावा?

शोधयात्री:
प्रोसेसरवरील तांब्याचा वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा ठोकळा) आठ महिन्यांनी उघडला, तर आतील बारीक पात्यांवर हिरवा थर आणि प्रोसेसरला टेकणाऱ्या बाजूवर काळपट डाग दिसले. तापमानही पूर्वीपेक्षा सहा-सात अंशांनी जास्त राहते. ब्लॉक स्वच्छ केल्यावर तांब्याला आतून-बाहेरून कोणते लॅकर लावावे, एवढेच मला विचारायचे आहे. काम खोळंबले आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

रसायनप्रेमी:
लेपाचे नाव सांगण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. आत कोणते द्रव भरले होते, आणि रेडिएटर, म्हणजे तापलेले पाणी निववणारी जाळी, कोणत्या धातूचा आहे?

पंखेवाला:
माझा आग्रह असा की पाण्याचा मार्गच सोडून द्यावा. हीट पाइपच्या, म्हणजे उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या बंद नळ्यांच्या कूलरमध्येही तांबे आणि पाणीच असते. पण ते पाणी हवा काढून कायमचे बंद केलेले असल्यामुळे ही तक्रार उद्भवत नाही.

शोधयात्री:
मी पंख्याबद्दल विचारलेले नाही. पाणी घरच्या फिल्टरचे आहे, म्हणजे पिण्याइतके शुद्ध. रेडिएटर काळा आहे. तो जुन्या संचातून काढून जोडला. त्याचा लेपाशी काय संबंध?

रसायनप्रेमी:
संबंध थेट आहे. पिण्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यातील क्लोराइड तांब्याला बाधते आणि तांब्यावर हिरवे जंगाल चढू शकते. काळा हा रंग झाला, धातू नव्हे. रेडिएटरच्या तोंडाशी जिथे आटे आहेत, तिथे रंग नसतो. तिथे पिवळसर दिसले तर पितळ, रुपेरी-पांढरे दिसले तर बहुधा अॅल्युमिनियम. चुंबकाने फरक कळणार नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

जुना जुळारी:
एवढी चिकित्सा कशाला? मोटारीचे कूलंट पाण्यात थोडेसे मिसळावे. मी वर्षानुवर्षे तेच वापरतो आणि माझे तांबे अजून लख्ख आहे.

रसायनप्रेमी:
जुळारी, ‘थोडेसे’ हाच धोका आहे. त्यातील क्षरणरोधक (धातूची झीज रोखणारी रसायने) ठरावीक प्रमाणातच काम करतात. फार पातळ केले तर संरक्षण उरत नाही, आणि दाट ठेवले तर त्यातील ग्लायकॉल या घट्टसर द्रवामुळे पंपावर भार येतो व उष्णताही कमी वाहून नेली जाते. शिवाय इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

निवांत:
प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णतावाहक पेस्टऐवजी द्रवधातू लावल्यास तापमान चांगलेच उतरते.

रसायनप्रेमी:
हे कोणी विचारलेले नाही, तरीही इतर वाचकांसाठी सांगतो: त्यातील गॅलियम तांब्यावर डाग पाडते आणि अॅल्युमिनियम तर अक्षरशः पोखरते.

शोधयात्री:
आटे पांढरे आहेत. रेडिएटर हलवला तेव्हा आतून पांढरट भुकटी आणि गाळ पडला. आता तरी लॅकर सांगा, किंवा आतून कल्हई चालेल का ते सांगा.

रसायनप्रेमी:
आता चित्र स्पष्ट झाले. एकाच पाण्यात तांबे आणि अॅल्युमिनियम ठेवले की विद्युतघट तयार होतो, त्यांच्या प्रमाण विभवांत, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीत (+०.३४ आणि −१.६६ व्होल्ट) मोठे अंतर आहे आणि त्यात झिजतो तो अॅल्युमिनियम. तुमचा खरा बळी रेडिएटर आहे. त्याचाच गाळ पात्यांत अडकून प्रवाह अडला असावा आणि तापमान त्यामुळेच चढले असावे.

लॅकर लावू नका. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर लॅकरची १ पेक्षाही कमी. शिवाय सुटलेला पापुद्रा पुन्हा पात्यांतच अडकेल. कल्हईचे कथील हाताने लावल्यास तेवढ्या अरुंद फटी बुजून जातील. पातळ, एकसारखा थर हवाच असेल तर कारखान्यात निकेल मुलामा दिलेला ब्लॉक मिळतो. टेकणाऱ्या बाजूवरचे काळे डाग हा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर आहे. त्याने फरक पडत नाही, म्हणून तिथे खरखरीत कागद घासून सपाटपणा बिघडवू नका.

करायचे ते असे: रेडिएटर तांबे-पितळेचा घ्यावा. ब्लॉकचे रबरी सील काढून तांब्याचा भाग पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटे ठेवावा, मऊ ब्रशने हळुवार साफ करावा आणि डिस्टिल्ड पाण्याने अनेकदा धुवावा. अमोनियाचा क्लीनर वापरू नये, तो तांबे विरघळवतो. मग संगणकासाठीचे तयार कूलंट भरावे. अशा द्रवात बरेचदा बेन्झोट्रायझोल असते. ते तांब्याला चिकटून रेणूंचा अतिपातळ थर बनवते. तुम्ही मागत होता तो लेप हाच, फक्त तो पाण्यातूनच लागतो.

जुना जुळारी:
क्षरणरोधक हवे हे मीही म्हणत होतो. मात्र नुसते डिस्टिल्ड पाणी पुरते असे सांगणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही, कारण काही आठवड्यांत ते धातूंचे आयन उचलते.

शोधयात्री:
नवा रेडिएटर मागवला आहे. जोडण्या रुपेरी आहेत, त्याही बदलाव्या का?

रसायनप्रेमी:
बहुतेक जोडण्या निकेल चढवलेल्या पितळेच्या असतात. आतील कडा पाहा, पिवळी असेल तर ठेवा. नळ्या मात्र बदला आणि नवा रेडिएटर भरण्याआधी आतून धुवा, कारण त्यात डाखकामाचे फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेले रसायन) राहिलेले असू शकते.