जपानहून एन गेजचे रूळ मागवायचेत: कुरियर की पोस्ट? (मदत हवी आहे)

मंडळी, छंद मॉडेल रेल्वेचा. गेज एन, म्हणजे दोन रुळांत 9 मिलिमीटर अंतर. माळ्यावर प्लायवूड टाकून मिरज-कोल्हापूर मार्ग बसवतोय. रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल जवळपास झालाय, अडलंय ते रुळांवर.

2022 मध्ये एक इंजिन मागवलं होतं. माल 9,000 रुपये, कुरियर 3,200. वाटलं झालं. चार दिवसांनी मेसेज आला: केवायसी द्या आणि 9,428 रुपये भरा. बिलात 35 टक्के बेसिक ड्यूटी, त्या ड्यूटीच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि मालासकट या सगळ्या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). सगळं धरून 77.28 टक्के. वर कुरियरचा सेवा आकार आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी वेगळाच. इंजिनापेक्षा कर मोठा! घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

आता 248 मिलिमीटरचे सरळ तुकडे आणि दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) हवेत. दुकानदाराने सांगितलेला खोका 60 × 30 × 15 सेंटिमीटर, वजन 1.8 किलो. कुरियरवाला मात्र 5.4 किलोचे पैसे मागतोय. हे कुठनं आलं? आणि मित्र म्हणतो, पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांग. चालतं का?

जुना मालडबा:
5.4 बरोबर आहे. 60 × 30 × 15 म्हणजे 27,000, भागिले कुरियरवाल्यांचा ठरावीक 5,000. कुरियर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल ते लावतात. रुळांच्या खोक्यात निम्मी हवा असते, त्या हवेचं भाडं तू भरणार. जपान पोस्टाची ईएमएस ही जलद पार्सल सेवा प्रत्यक्ष वजनावर चालते, त्यामुळे अशा मालाला तीच बरी.

तुझं जुनं बिल मात्र मला खटकतंय. 9,000 अधिक 3,200 अशा पूर्ण रकमेवर ड्यूटी लावलेली दिसते. भाडं मूल्यात धरतात हे खरं, पण 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतल्या नियम 10 नुसार विमानाने आलेल्या मालाचं भाडं त्याच्या एफओबी (भाडं-विमा सोडून) किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे 1,800. वरच्या 1,400 वर तू 1,082 रुपये फुकट भरलेस. विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के धरतात, ती रक्कम किरकोळ. यावेळी पैसे भरण्याआधी बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टमला दिलेल्या आयात तपशिलाची) प्रत माग आणि भाड्याचा रकाना बघ.

पुलाखालचा गँगमन:
गिफ्टचा नाद सोड भावा. डिसेंबर 2019 पासून ती ड्यूटीमाफी बंद झाली. राहिली फक्त राखी आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना. तुझे रूळ राखी म्हणून खपवायला बहीण तयार असली तरी कस्टमवाला तयार होणार नाही. किंमत कमी लिहायलाही सांगू नकोस. पार्सल हरवलं तर विमा तेवढ्याचाच मिळतो.

आणि वर्णनात 'टॉय' येऊ देऊ नकोस. वैयक्तिक वापराचा माल कस्टमच्या 9804 या हेडिंगखाली जातो. एरवी खेळणी आणि मॉडेल रेल्वे दोन्ही 9503 मध्ये येतात, आणि तिथली ड्यूटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. शिवाय खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची) अट. ती 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना असली तरी समजावत कोण बसणार? 'मॉडेल रेल्वे ट्रॅक, प्रौढ छंदासाठी' असं स्पष्ट लिहून घे. दर बजेटगणिक हलतात, म्हणून आयसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरवर त्या दिवशीचा दर बघून मगच ऑर्डर दे. 77 धरून बसू नकोस.

उद्यमनगरी:
इमारती, प्लॅटफॉर्म, पुलाचे गर्डर जपानहून कशाला? कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझर कटिंगवाले आहेत की. नकाशा फाईल नेऊन दिली तर संध्याकाळी तुकडे हातात. सांध्यांच्या नादाला मात्र इथं लागू नकोस. मी दोन बनवून घेतले, दोन्हीवर डबे घसरतात.

मूळ प्रश्नकर्ता:
1,082 रुपये! आजची झोप गेली. जुनं बिल काढून पाहिलं, भाड्याच्या रकान्यात खरोखर पूर्ण 3,200 आहेत.

ठरलं ते असं: सांधे ईएमएसने. पोस्टात ड्यूटी पोस्टमन दारात घेतो, म्हणजे कुरियरने ड्यूटी आगाऊ भरल्याचा सेवा आकार वाचला. रूळ आतेभाऊ आणणार. तो पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाला नागोयाला चाललाय, आणि प्रवाशाच्या सामानाला वेगळी सूट असते. त्याची अट एकच, परत आल्यावर तांबडा-पांढरा. तो हिशेब कुठल्या हेडिंगखाली धरायचा, ते कुणी सांगा.