इंग्लंडमधल्या स्थलांतरितांचे क्रिकेट क्लब पार्कातच का अडकले?

मैदानवेडा:
दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला गेलेल्या कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई लोकांच्या क्रिकेटवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. लीड्सचा कॅरिबियन क्रिकेट क्लब 1948 चा, म्हणजे कॅरिबियन स्थलांतरितांना घेऊन 'एम्पायर विंडरश' जहाज इंग्लंडला आलं त्याच वर्षीचा. असे क्लब पुढे शहराशहरांत निघाले, खेळाडूही तगडे होते. मग बरेचसे वर्षानुवर्षं पार्कातच का खेळत राहिले? आपल्याकडे आझाद मैदानावर तंबू ठोकला की क्लब उभा राहतो, म्हणून हे गणित सुटत नाही. वर्णभेद होता हे माहीत आहे; तो प्रत्यक्षात कुठल्या वाटेनं आड यायचा, ते हवंय.

लेगकटर:
वाट मैदानातून जाते. तिकडे वरच्या लीगला तुमची बॅटिंग दाखवून भागत नाही. स्वतःचं किंवा लांब मुदतीच्या कराराचं मैदान, ड्रेसिंग रूम, कव्हर्स, साइटस्क्रीन (गोलंदाजामागचा मोठा पडदा), दुसरा संघ, बऱ्याचदा ज्युनियर संघसुद्धा, एवढं लागतं. पार्कातलं मैदान काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं. मॅचपुरतं भाडं भरा, खेळा, स्टंप उचला. तिथे कव्हर ठेवायलाही जागा नसते, त्यामुळे संघ कितीही जिंकला तरी अर्जच पुढे सरकत नाही.

खेळपट्टीचं म्हणाल तर चांगल्या टर्फला, म्हणजे गवताच्या खेळपट्टीला, भरपूर चिकणमाती असलेली माती लागते, साधारण 25 ते 30 टक्के. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये ओल योग्य असताना बरेच दिवस रोलर फिरवावा लागतो: आधी हलका, मग टप्प्याटप्प्यानं जड. माती खोलवर घट्ट होते ती तेव्हाच. काउन्सिलचा माणूस गवत कापून चुन्याच्या रेषा मारून जातो. मग वरचा थर भुसभुशीत राहतो, एकाच टप्प्यावरून एक चेंडू घोट्याला लागतो नि पुढचा छातीवर येतो. अशा विकेटवर बॅट्समन टिकून खेळायला शिकत नाही, आडवा फटका मारून मोकळा होतो. निवडीच्या दिवशी त्याला 'तंत्र नाही' म्हणतात, याचा मला फार राग येतो.

कृत्रिम विकेट टाकली तरी खालचा खडीचा थर नीट दाबलेला नसेल तर क्रीजपाशी खड्डा पडतो, कडा उचलल्या जातात. त्यावर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, चटई फाटते.

स्कोअरबुक:
लेगकटर यांच्याशी सहमत. पैशाची बाजू जोडतो. तिकडच्या क्लबचा ग्राउंड्समन, रोलरची दुरुस्ती, विमा हे सगळं बऱ्याच अंशी क्लबच्या बारमधून निघतं. मुस्लिम खेळाडूंच्या क्लबला बार नको असतो, म्हणजे उत्पन्नाचा मोठा झराच बंद. उरते वर्गणी आणि मॅच फी. त्यातून दर डावाला एक नवा चेंडू, पंचांचं मानधन आणि मैदानाचं भाडं, इतकंच जेमतेम भागतं. आणि जुन्या क्लबात खेळ संपल्यावर बारमध्ये बसला नाहीत, तर तुम्ही 'मिसळत नाही' असा शिक्का.

यॉर्कशायर या कौंटीच्या (जिल्ह्याच्या) संघाचा नियमही लेखात घ्या. कौंटीत जन्मलेल्यांनाच खेळवायचं, ही प्रथा 1992 पर्यंत टिकली. आपल्याला ते वर्ष सचिन तिथला पहिला परदेशी खेळाडू झाला म्हणून आठवतं. पण पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूरला जन्मून चौथ्या वर्षी यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डला आलेल्या मुलाला तोवर दार बंदच होतं. त्या भागातल्या आशियाई खेळाडूंची कायद-ए-आझम लीग 1980 मध्ये सुरू झाली. तिच्या मॅच रविवारी, त्यामुळे अनेक जण शनिवारी जुन्या लीगमध्ये आणि रविवारी या लीगमध्ये खेळत.

मैदानवेडा:
फार उपयोगी. पण मग आपले विजय हजारे, विनू मंकड लँकेशायरमधल्या लीगमध्ये कसे खेळले?

लेगकटर:
ते वेगळं प्रकरण, एकत्र करू नका. तिथे प्रत्येक क्लब एक पगारी व्यावसायिक ठेवायचा. नेल्सन गावच्या क्लबात वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून होता. अर्धशतक झालं की प्रेक्षकांत पेटी फिरायची, ते पैसे खेळाडूचे. 1952 मध्ये मंकड हॅसलिंग्डन क्लबशी करारबद्ध होते, क्लबनं कसोटीसाठी सोडल्यावर लॉर्ड्सला भारताकडून 72 आणि 184 धावा काढल्या. एका परदेशी ताऱ्याला डोक्यावर घेणारं गाव अकरा स्थलांतरित गिरणी कामगारांच्या संघाला मैदान देईलच असं नाही.

डोमिनो:
फक्त अडचणीच लिहू नका. 29 जून 1950 ला वेस्ट इंडीजनं लॉर्ड्सवर 326 धावांनी कसोटी जिंकली, इंग्लंडमधला त्यांचा पहिला कसोटी विजय. रामाधीन 11 बळी, व्हॅलेंटाइन 7. विंडरश लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. लोक मैदानात उतरून गात नाचले.

क्लबचं खरं काम मात्र रविवारच्या बसमध्ये चाले. दुसऱ्या शहरात मॅच असली की अख्खी बस भाड्यानं घ्यायची. बायकामुलं, भात-चिकनची पातेली, डोमिनोचा डाव सगळं बरोबर. खोली कुठे मिळते, कुठल्या कारखान्यात भरती आहे, हे तिथेच कळायचं. बँका कर्ज देत नसत, तेव्हा जमैकन लोक 'पार्डनर' चालवत, म्हणजे आपली भिशीच. भिशीला माणसं विश्वासाची लागतात, आणि दर रविवारी बरोबर खेळणाऱ्याला तुम्ही आतून-बाहेरून ओळखता. लेखात त्या बसला एक पान द्याच.