घरातल्या एकाचेच ऐकणारे पिल्लू : दरारा की सवय?

मृण्मयी : काल इथे एकाने ठासून लिहिले की, सात-आठ महिन्यांचे कुत्रे घरात एकाचे ऐकते आणि दुसऱ्याला चावते, कारण त्या दुसऱ्याला ते कळपात आपल्याहून खालचे समजते, म्हणून कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे. हे वाचून गप्प बसवेना. कळपात दरारा गाजवून कोणीतरी म्होरक्या होतो, ही कल्पना ज्या लांडग्यांवरून पसरली, ते प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली वर्णन केलेले, बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्टपणे मांडले. आमचे पिल्लू माझ्यापुढे शांत बसते आणि माझ्या मुलाच्या पायजम्याला लोंबकळते, कारण मुलगा पाय झटकतो, किंचाळतो, पळतो आणि पिल्लाचा खेळ रंगतो. मी हात बांधून पाठ फिरवते आणि त्याचे चारही पाय जमिनीला टेकले की लगेच खाऊ देते.

जुना जाणता : तो सल्ला माझाच होता. आमचे वडील नुसते दारात उभे राहिले की कुत्रा खाली बसे. आईला मात्र तो फरफटत नेई. दरारा नसला की जनावर डोक्यावर बसते आणि खाऊची सवय लावली की खाऊ दिसल्याशिवाय हलत नाही.

अनघा : दरारा वडिलांचा, पण फिरवायचे, भरवायचे, घाण उचलायची आईने, हे कोणीच का लिहीत नाही? आमच्याकडे पिल्लू नवऱ्याने हट्टाने आणले. संध्याकाळी तो त्याच्याशी हातानेच कुस्ती खेळतो, पिल्लू चेकाळते, तो आंघोळीला जातो आणि दात माझ्या मनगटावर उमटतात. वर ‘तुला त्याला हाताळता येत नाही’ हे ऐकायचे.

जुना जाणता : माझ्या आईवडिलांच्या संसाराचा न्याय करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? विषय कुत्र्याचा आहे.

अनघा : तो संसार उदाहरण म्हणून तुम्हीच मांडलात. जी व्यक्ती दिवसभर राबते, तिलाच दुबळी ठरवायचे, हा विषय कुत्र्याइतकाच घराचाही आहे, आणि तो मी सोडणार नाही.

रानवारा : अनघाताईंच्या तक्रारीला आधार आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, आठ महिन्यांची कुत्री ‘बस’ ही आज्ञा सांभाळणाऱ्या माणसाकडून पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी पाळत होती. अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. वयात येण्याचा हा काळ ओसरतो, आणि नेमका याच काळात मार देऊन लोक नाते बिघडवतात.

मृण्मयी : शिवाय, कान मागे पाडून, शेपूट पायांत घालून, ओठ चाटत बसलेला कुत्रा शिस्तीत बसला आहे असे मी मानत नाही, तो भ्यालेला असतो. तुमचे वडील दारात आल्यावर तो कसा बसे, हे एकदा नीट आठवून पाहा.

जुना जाणता : वडिलांविषयी मी अधिक काही बोलणार नाही. उताणे पाडण्याचा आग्रह सोडतो, कारण बिथरलेले कुत्रे लहान मुलाच्या तोंडाला चावू शकते. पण एकाने सोफ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्याने उतरवायचे, हे चालणार नाही. नियम सगळ्यांचा एकच हवा, यावर मी ठाम आहे.

अनघा : नियम एकच हवा, हे मान्य. मग तो पाळून घेण्याचे कष्टही वाटून घ्या; सकाळचे फिरवणे आणि जेवणाआधी ‘बस’ शिकवणे मी नवऱ्याकडे सोपवते आहे.