मदत हवी आहे: बीबीसी मायक्रो सुरू करताच एकच सूर वाजत राहतो, पडदा मात्र कोरा

नमस्कार.

माझ्याकडे एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, हा संगणक आहे. चांगल्या स्थितीतले यंत्र सुरू केले की आधी खालच्या पट्टीतला क्षणभराचा सूर येतो, त्याला लागून वरच्या पट्टीतला ‘बीप’ वाजतो आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ अशी ओळ उमटते. माझ्या यंत्रात पहिला सूरच अखंड वाजत राहतो, पडदा काळा राहतो, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही आणि ब्रेकची कळ दाबूनही काही फरक पडत नाही.

केंद्र सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना असे संगणक देण्यात आले होते. माझे मामा अशाच एका शाळेत गणित शिकवत असत, आणि शाळेने ही यंत्रे निकाली काढली तेव्हा त्यांनी हे विकत घेतले. मुलांच्या सरावासाठी त्यांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले अपूर्णांकांचे प्रोग्रॅम कॅसेटवर अजून आहेत. कॅसेटवरचा आवाज आजच्या संगणकात घेऊन ते एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवता येतील, याची मला कल्पना आहे आणि ते काम मी करणारच आहे. परंतु मामांनी ते याच कीबोर्डवर पुन्हा चालवावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत केलेली तपासणी अशी. वीज देण्यापूर्वीच पॉवर सप्लाय उघडला, कारण त्यातले रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर कालांतराने तडकतात आणि वीज मिळताच धूर सोडतात, हा या यंत्राचा ठाऊक असलेला दोष आहे. तडे गेलेलेच होते. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून त्याच मूल्याचे एक्स-२ वर्गाचे (थेट घरगुती विजेवर वापरता येणारे) कपॅसिटर आणून बसवले. आता मुख्य बोर्डावर अधिक पाच आणि उणे पाच हे दोन्ही व्होल्टेज व्यवस्थित मिळतात.

एसएन ७६४८९ ही आवाजाची चिप वीज मिळताच आपोआप वाजू लागते आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिला गप्प करते. म्हणजे प्रोसेसर त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही, असा मी अर्थ लावला आहे. लॉजिक प्रोबने (पिनवरचा संकेत वर आहे, खाली आहे की बदलतो आहे हे दाखवणाऱ्या साधनाने) पाहिले असता ६५०२ प्रोसेसरच्या ४० क्रमांकाच्या पिनवरचा रिसेट योग्य रीतीने वर जातो, ३७ वर क्लॉक येतो आणि प्रत्येक सूचना वाचायला घेताना संकेत देणाऱ्या ७ क्रमांकाच्या सिंक पिनवर स्पंदने दिसतात. थोडक्यात, प्रोसेसर सूचना वाचतो आहे, पण भलत्याच वाचत असावा. दुसरा चालू स्थितीतला ६५०२ए बसवला, कीबोर्डसारखी जोडणी सांभाळणाऱ्या दोन्ही ६५२२ चिपांची अदलाबदल केली, सर्व सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. लक्षण तेच राहिले. बेसिकची आणि डिस्कची रॉम (कायमस्वरूपी प्रोग्रॅम साठवणारी चिप) काढून टाकल्यास निदान ‘लँग्वेज?’ असा संदेश तरी यायला हवा होता, तोही आला नाही. त्यामुळे त्या दोन रॉमवरचा संशय मी सोडून दिला आहे.

खरा धागा मला डेटाच्या ओळींवर सापडला असे वाटते. डी-० ते डी-७ पैकी सात ओळींवर स्पंदने आहेत, पण डी-५, म्हणजे २८ क्रमांकाची पिन, कायम वरच अडकलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिमची रॉम सॉकेटमधून काढली तरी ती खाली येत नाही. वीज बंद ठेवून, सॉकेटमधल्या सगळ्या आयसी बाहेर काढून, प्रत्येक डेटा ओळ आणि पाच व्होल्टची रेषा यांच्यातला रोध मोजला, तेव्हा डी-५ चा रोध इतर ओळींपेक्षा बराच कमी भरला. म्हणजे दोष सोल्डर केलेल्या एखाद्या आयसीत आहे. माझा पहिला संशय ७४एलएस२४५ या बफरवर, म्हणजे डेटाच्या ओळींच्या दोन भागांमध्ये संकेत पुढे पाठवणाऱ्या चिपवर, आहे. दुसरा रॅमवर, कारण ४८१६ जातीच्या सोळा चिपांमध्ये प्रत्येक चिप डेटाचा एकच बिट सांभाळते आणि डी-५ च्या वाट्याला त्यातल्या दोनच येतात.

ज्यांनी हे बोर्ड प्रत्यक्ष दुरुस्त केले आहेत, त्यांना माझी विनंती आहे की ऑसिलोस्कोप नसताना, दोष बफरच्या प्रोसेसरकडच्या बाजूला आहे की रॅमकडच्या, हे ओळखण्याची खात्रीची पद्धत सांगावी. सरसकट आयसी उपसण्याची माझी तयारी नाही, कारण या बोर्डावरचे तांब्याचे पातळ मार्ग उष्णतेने उचलले जातात आणि मग दुरुस्तीपेक्षा नुकसानच मोठे होते. संशयित आयसीची एकच पिन बोर्डाजवळ कापून पुन्हा मोजावे, की आयसीच्या सर्व पिना कापून ती काढावी आणि जागी सॉकेट बसवावे? शिवाय ४८१६ ला केवळ पाच व्होल्ट लागतात आणि सहज मिळणाऱ्या ४११६ ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, त्यामुळे ती तिथे चालणार नाही. पुण्यात किंवा मुंबईत जुन्या, पण तपासलेल्या ४८१६ चिपा कोणाकडे मिळू शकतील काय?