मदत हवी आहे: एचडीआर फोटो नैसर्गिक कसा दिसेल?

ट्रायपॉड लावून खिडकीचे ३ फोटो काढलेत, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल): उणे २, ० आणि अधिक २ ईव्ही (उजेडाच्या पायऱ्या), म्हणजे एक गडद, एक मधला, एक उजळ; ते एकत्र करून एचडीआर बनवायचा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ कायम, बदलला तो फक्त शटर स्पीड. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मर्ज (तिन्हींचा एक फोटो) छान झाला, पण हायलाइट्स (उजळ भाग) पार खाली आणि शॅडोज (गडद भाग) वर ओढले की खोली रंगवलेल्या कॅलेंडरसारखी दिसते. चौकटीभोवती पांढरी कड उमटते, पडद्याच्या चुण्या राखाडी होतात. क्लॅरिटी (कडा ठळक करणारा स्लायडर) शून्यावर आणली तरी कड आहेच! (बाहेरचं झाड हललं होतं, ते डीघोस्टने, म्हणजे हललेल्या वस्तूंच्या दुहेरी छटा काढणाऱ्या सोयीने, निभावलं.)

आता स्लायडर अर्ध्यावर थांबवून बाकीचं मास्कने (फोटोचा ठरावीक भाग निवडून) करू, की मर्ज सोडून फोटोशॉपमध्ये लेयर मास्क लावून उजेड हाताने मिसळू? कोपऱ्यात अंधार राहिला तरी चालेल, उलट तो हवाच आहे. तुम्ही शॅडोज कुठवर उचलता?