फ्रीडमन म्हणतात ब्लूमबर्ग. तुमचं काय?

कॅरीकर, १३ फेब्रुवारी २०२०

मंडळी, न्यूयॉर्क टाइम्समधला थॉमस फ्रीडमन यांचा ताजा स्तंभ वाचलात का? डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, त्यांनी सरळसरळ मायकेल ब्लूमबर्ग यांच्या पारड्यात वजन टाकलंय. म्हणणं थोडक्यात असं, की ट्रम्पना पाडायचं तर डावे, मधले आणि ट्रम्पना विटलेले रिपब्लिकन असे सगळे ज्याच्यामागे येतील असा माणूस हवा. तो निबर हवा आणि खिशाने तगडा हवा. ब्लूमबर्ग यांनी न्यूयॉर्कची महापौरकी तीनदा केली. हवामान आणि बंदूक नियंत्रण या दोन्ही कामांत स्वतःचा पैसा ओतला. त्यांचे दोषही फ्रीडमननी झाकलेले नाहीत.

मला पटलं. आयोवाचा निकाल लावता लावता पक्षाची शोभा झाली. परवा न्यू हॅम्पशायरात सँडर्स, बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी साधारण २६, २४ आणि २० टक्के मतं वाटून घेतली आणि बायडन थेट पाचवे. असंच चाललं तर जुलैत मिलवॉकीच्या अधिवेशनातही हे भांडतच बसतील.

आमच्या नॉर्थ कॅरोलायनात मतदान ३ मार्चला, पण आगाऊ मतदान आजच सुरू झालं. मी कुठल्याच पक्षाकडे नोंदलेला नाही. अशांनी केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं असतं. उद्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन येणार आहे. सौ. वॉरनवाली, म्हणजे उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांच्या बाजूची. ती म्हणाली, "तुम्हाला भाजी आणायला यादी लागते हे माहीत होतं. आता मत द्यायलाही कुणाची तरी चिठ्ठी?"

तुमचं मत काय? स्तंभलेखकाने सांगितलं म्हणून तुम्ही कधी मत दिलंय?

बोरीबंदर (मुक्काम सनीव्हेल)

कॅरीकर, त्या स्तंभातला कंस वाचलात का? फ्रीडमन यांच्या पत्नी वॉशिंग्टनमध्ये भाषा आणि वाचनाचं एक संग्रहालय उभारताहेत, प्लॅनेट वर्ड नावाचं. त्याला ब्लूमबर्ग यांच्या संस्थेची देणगी आहे. हे स्वतः फ्रीडमननीच लिहिलंय. कंसात.

आता विचार करा. गावातल्या सावकाराने माझ्या घरच्या देवळाच्या कळसाला पैसे दिले आणि मी पारावर बसून सांगू लागले, की सरपंच करायचा तर सावकारालाच करा. वर हळूच म्हटलं, "हो, कळस त्यांनीच दिला बरं का." लोक ऐकून घेतील, पण सल्ला म्हणून ऐकतील का?

आणि हेच फ्रीडमन इराक युद्धाच्या बाजूने होते. तेव्हाही अशाच ठाम सुरात लिहीत होते.

विंचूरकर (फ्रीमाँट)

बोरीबंदरताई, सांगितलं तरी दोष आणि लपवलं तरी दोष? मग त्याने करायचं काय, लिहिणंच बंद? देणगीचं सांगितलं म्हणून तर तुम्ही आज ते बोलताय. बातमीदाराने तटस्थ राहावं हे कबूल. स्तंभलेखकाचं काम तटस्थपणाचं नसतंच. त्याला पत्रकारितेची तीन पुलित्झर पारितोषिकं मिळालीत ती काही तोंड बघून नाही.

मला उलट ज्यांना कुणाचीच बाजू घेता येत नाही त्यांचा राग येतो. याच टाइम्सच्या संपादक मंडळाने गेल्या महिन्यात काय केलं? उमेदवारांना बोलावून मुलाखती घेतल्या, त्या टीव्हीवर दाखवल्या आणि शेवटी पाठिंबा कुणाला, तर वॉरन आणि क्लोबुचर दोघींना! एका खुर्चीसाठी दोन नावं. मतपत्रिकेवर गोल एकच काळा करायचा असतो हो.

ता. क. मी मत टाकून मोकळा झालोय. पीट बुटिजेज. कॅलिफोर्नियात मतपत्रिका टपालाने घरी येते. मीही पक्षाविना नोंदलेला, त्यामुळे अध्यक्षपदाचा रकाना हवा तर डेमोक्रॅटिक मतपत्रिका आधी मागवावी लागते. माझ्या ओळखीत निम्म्यांना हे माहीतच नव्हतं. स्तंभांवर वाद घालण्याआधी ते बघा.

जगू जर्सीकर

मी २००१ पासून रोज हडसन ओलांडून मॅनहॅटनला जातोय, म्हणजे ब्लूमबर्गची बाराही वर्षं पाहिलीत. दोन्ही बाजू सांगतो.

माणूस कामाचा. २००३ मध्ये बारमधली सिगारेट बंद झाली तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. पण त्याआधी शुक्रवारी मित्रांबरोबर तासभर बसून आलो, की शर्ट दोनदा धुवावा लागायचा. मुंबईच्या लोकलला लटकून फुप्फुसं भरून आलेल्या माणसाला ती बंदी म्हणजे काय वाटलं ते मलाच ठाऊक. खड्डा असो की दिवा, ३११ फिरवलं की तक्रार नोंदवली जायची.

पण "स्टॉप अँड फ्रिस्क"? रस्त्यात थांबवून झडती. २०११ या एका वर्षात पावणेसात लाखांहून जास्त वेळा. थांबवलेले बहुतेक काळे आणि लॅटिनो, आणि दहातल्या जवळपास नऊ जणांना ना अटक झाली ना समन्स मिळालं. २०१३ मध्ये कोर्टाने हे ज्या पद्धतीने चाललं होतं ते घटनाबाह्य ठरवलं, तरी हे साहेब समर्थन करत राहिले. माफी कधी मागितली? नोव्हेंबर २०१९ मध्ये, ब्रुकलिनच्या चर्चमध्ये. उमेदवारी जाहीर करायच्या आठवडाभर आधी. मुहूर्त बघून मागितलेली माफी.

आणि महापौरकी तीनदा कशी झाली तेही सांगा की. कायद्याने दोनच मुदती होत्या. २००८ मध्ये नगर परिषदेकडून नियमच बदलून घेतला. पक्षाचं म्हणाल तर आधी डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन, मग अपक्ष, २०१८ पासून पुन्हा डेमोक्रॅट.

माझं मत विचारू नका. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये. आमच्यापर्यंत पंगत येते तेव्हा वाढपी भांडी घासत असतात.

पेठेतला

दुरून बघणाऱ्याला गंमत वाटते. तुमच्याकडे पाठिंबा जाहीर करतात आणि मग कंसात खुलासा. आमच्याकडे तटस्थ म्हणवतात आणि अख्खा अग्रलेखच कंसात असतो.

आचार्य अत्र्यांनी १९५६ मध्ये "मराठा" काढला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठीच. कुणाला खुलासा मागावा लागला नाही. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक, की हा माणूस समितीचा आहे आणि समोरच्याची आज सालं काढणार आहे. १९६२ मध्ये स्वतःच दादरमधून आमदार झाले. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. तुमचे फ्रीडमन धड वकील नाहीत, धड न्यायाधीश नाहीत.

विंचूरकर

@पेठेतला, अत्रे गिरणगावात सभा घेत होते, लोकांत उभे राहून बोलत होते. त्यांची तुलना करू नका. बाकी "तटस्थ म्हणवतात" याच्याशी सहमत.

आयोवाची वहिनी

उशिरा लिहितेय, पण राहवत नाही. ३ फेब्रुवारीला माझा पहिला कॉकस झाला.

आमच्याकडे डे मॉइन रजिस्टर म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्यांनी जानेवारीत वॉरनना पाठिंबा दिला. मी तो लेख कापून फ्रिजवर लावला होता. स्वतः मी बायडनवाली, पण म्हटलं, विचार करू.

संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये जमलो. २१२ जण. ज्याचा जो उमेदवार त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. १५ टक्के माणसं नसतील तर तो गट बाद. आमच्याकडे त्याचे ३२ होत होते. बायडनच्या कोपऱ्यात आम्ही १९, त्यातले चौघे काठी टेकत आलेले. बाद! मग दुसऱ्या फेरीसाठी बाकीचे आम्हाला न्यायला आले. खरंच हात धरून. सँडर्सवाली कॉलेजची पोरं होती, बुटिजेजवाल्यांनी ब्राउनी आणल्या होत्या. वॉरनची एक मुलगी आरोग्य विम्याचं इतकं छान समजावत होती, की मी निघालेच होते तिच्याबरोबर.

तेवढ्यात पलीकडून शेजारचे आजोबा दिसले, क्लोबुचरच्या कोपऱ्यात. त्यांना तिघे कमी पडत होते. बोलले काहीच नाहीत, नुसता हात वर केला. दोन हिवाळे हा माणूस आमच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ न सांगता काढून जातो, नवरा प्रोजेक्टवर बाहेरगावी असतो म्हणून. मी गेले. माझ्यामागून आणखी चौघं आले.

त्या दोन तासांत रजिस्टरचं नाव एकानेही काढलं नाही. फ्रीडमनचं तर सोडाच. नंतर निकाल कळवायचं ॲप बंद पडलं आणि देशभर हसू झालं ते वेगळं. कार्डावर नाव लिहून सही केलेली होती, म्हणून मोजता तरी आलं.

कॅरीकर

वहिनी, छान लिहिलंत. पण म्हणजे बर्फ काढून दिलं म्हणून राष्ट्राध्यक्ष निवडायचा? यापेक्षा मी स्तंभ वाचून ठरवलं ते बरं नव्हे का? निदान हवामानावर कुणी काय केलंय ते तरी कळलं.

आयोवाची वहिनी

बर्फासाठी क्लोबुचर निवडली नाही हो भाऊ. त्या आजोबांच्या शब्दावर विश्वास टाकला. आमचं बर्फ काढायचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. तुमच्या फ्रीडमनना ब्लूमबर्ग जिंकावेत असं वाटायला कारण आहे आणि ते कंसात आहे.

चौदा_वर्षे_रांगेत

सगळे भांडा, मजा येतेय. आम्ही एच-वनवर चौदा वर्षं कर भरतोय, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत. आमच्या मताला कुणाच्याच पाठिंब्याचा धोका नाही.

कॅरीकर, २० फेब्रुवारी

कबूल करून टाकतो. शुक्रवारी १४ तारखेला मत टाकून आलो. ब्लूमबर्ग. कॉलरला स्टिकर लावून ऑफिसात फिरलोसुद्धा.

काल रात्री लास व्हेगासची डिबेट पाहिली. ब्लूमबर्ग यांची पहिलीच. वॉरनबाईंनी सुरुवातीलाच त्यांची स्त्रियांबद्दलची जुनी वक्तव्यं काढली. मग विचारलं, तुमच्या कंपनीतल्या ज्या बायकांनी तक्रारी केल्या त्यांना गप्प राहण्याच्या करारातून मोकळं करता का? साहेबांना धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. डोळे फिरवले, काहीतरी पुटपुटले. ट्रम्पसमोर उभा करायला म्हणून मी निवडलेला निबर माणूस तो हाच.

सौ. टीव्ही बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

दिलेलं मत परत मिळत नाही. चौकशी केली.

बोरीबंदर

हाहाहा! वहिनींना माझा नमस्कार सांगा.

विंचूरकर, २ मार्च

हसून घ्या. काल रविवारी पीटने माघार घेतली, आज क्लोबुचरने. माझं मत तीन आठवड्यांपूर्वी टपालपेटीत पडलंय. मी तर कुणाचा स्तंभ वाचून दिलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. तरी वाया.

जगू जर्सीकर, ४ मार्च

तर निकाल. ब्लूमबर्ग यांनी घरचे पन्नास कोटी डॉलरच्या वर उडवले आणि काल चौदा राज्यांतलं एकही जिंकलं नाही. हाती लागलं अमेरिकन सामोआ. शोधा नकाशात. आज माघार घेऊन बायडनना पाठिंबा. कॅरीकर, तुमच्या राज्यात साधारण १३ टक्के, म्हणजे १५ ची रेषाही नाही. तिथे बायडन ४३.

हे फिरलं ते एका पाठिंब्यानेच, हे मात्र मान्य करायला हवं. साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न. त्यांनीच सांगितलं, की एका अंत्यविधीला गेले असताना चर्चमध्ये एका वयस्कर बाईंनी त्यांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, मोठ्याने सांगायचं नसेल तर कानात सांगा, कुणाला मत देणार? त्यांनी सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, की हे आम्हाला सगळ्यांना ऐकायचंय. २६ फेब्रुवारीला त्यांनी जाहीर केलं, २९ ला बायडनना जवळपास निम्मी मतं.

विंचूरकर

म्हणजे पाठिंब्याने फरक पडतो! माझा मुद्दा तोच होता.

बोरीबंदर

तुमचा मुद्दा पुलित्झर होता.

पेठेतला, १९ ऑगस्ट २०२०

धागा वर काढतोय. टाइम्सच्या त्या मुलाखती आठवतात? बायडन मुलाखतीला चालले होते तेव्हा लिफ्टमध्ये तिथल्या सुरक्षा रक्षक बाई त्यांना म्हणाल्या होत्या, की मला तुम्ही फार आवडता. कॅमेरा चालू होता. वर संपादक मंडळाने त्यांना नापास केलं. काल रात्री डेमोक्रॅटिक अधिवेशनात बायडन यांचं नाव पहिल्यांदा सुचवलं ते त्याच बाईंनी.

कॅरीकर

पाहिलं. सौ.ने दोनदा लावलं.

नोव्हेंबरसाठी टपाली मतपत्रिकेचा अर्ज केलाय, केंद्रावर जायची भीती वाटते. यंदा लिफाफ्यावर एका साक्षीदाराची सही लागते, ती सौ. करणार. तिला म्हटलं, साक्षीदाराने मी मतपत्रिका भरताना समोर बसायचं, पण मत कुणाला दिलं ते बघायचं नसतं, तसा नियमच आहे. ती म्हणाली, "बघत नाही. पण त्या दिवशी पेपर घरात येणार नाही."