एकटीने राहायचे ठरवले आहे. व्यवस्था कशी लावावी?

जास्वंद (कोथरूड, पुणे):
माझे वय ७३ आहे. यजमान गेल्या वर्षी गेले. मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळुरात असते. दोघेही मनापासून बोलावतात आणि त्यात औपचारिकपणाचा भाग नाही, हे मी जाणून आहे. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्येच राहायचे मी ठरवले आहे. रक्तदाबाची गोळी सोडली तर प्रकृती बरी आहे, आणि बँक, भाजी, वाचनालय ही कामे मी स्वतः करते. मुलांची भीती एकच आहे, की रात्री-अपरात्री काही झाले तर ते कळणार कोणाला? ‘शेजारी आहेत की’ यापलीकडे माझ्याकडे त्याला उत्तर नाही. कामाच्या बाई सकाळी नऊला येतात, पण रविवारी त्यांची सुट्टी असते. जावे की राहावे, हा सल्ला कृपया नको. राहायचेच आहे, तर आधी काय करून ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

शुश्रूषा (ठाणे):
जास्वंदताई, माझी नोकरी रुग्णालयाच्या अस्थिव्यंग विभागात परिचारिका म्हणून झाली आणि आता मीही एकटीच राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पडणे पूर्णपणे टाळता येईल असे मी म्हणणार नाही. पडल्यानंतर माणूस किती वेळात सापडतो, यावर मात्र पुढचे पुष्कळ काही ठरते, आणि तेवढे आपल्या हाती असते.

सुरुवात न्हाणीघरापासून करा. बहुतेक फ्लॅटमध्ये त्याचे दार आत उघडते. माणूस आत कोसळला की तो दारालाच आडवा येतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. सुताराला बोलावून, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असे करून घ्या. तेवढ्याला जागा नसेल, तर निदान आतली कडी काढून टाका; घरात दुसरे कोणी नसताना ती कोणापासून लावायची? टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती सोडा, कारण ती दांडी वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे हवेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना झोपेतून एकदम उभे राहिले की दाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना पाय खाली सोडून पलंगावर मिनिटभर बसावे आणि वाटेवर मंद दिवा ठेवावा.

दुसरा मुद्दा मुख्य दाराचा. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली की काम झाले असे सगळेच समजतात, पण रात्री निजताना आपण आतून वरची कडी, खालची कडी आणि साखळीही लावतो, मग त्या किल्लीचा उपयोग काय? आतून लावले तरी बाहेरून किल्लीने उघडेल असे एकच चांगले कुलूप रात्री वापरावे. चोरांची धास्ती वाटत असेल तर बाहेरच्या सेफ्टी डोअरलाही तसलेच कुलूप बसवून दोन्ही किल्ल्या एकत्र द्याव्यात.

तिसरे म्हणजे सकाळची खूण. सात ते साडेसातच्या दरम्यान ठरलेल्या दोघातिघांना व्हॉट्सॲपवर एक शब्द पाठवावा. बरेच लोक हे करतात, परंतु संदेश आला नाही तर कोणी काय करायचे, ते ठरलेले नसते, आणि मग प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने चौकशी केलीच असेल. आमच्याकडे क्रम पक्का आहे: पावणेआठला मैत्रीण फोन करते, उचलला नाही तर समोरच्या वहिनी बेल वाजवतात, आणि तरीही उत्तर आले नाही तर कोणाची परवानगी न मागता किल्लीने दार उघडतात. रविवारचा प्रश्नही यातूनच सुटतो.

गच्चीवरचा (डोंबिवली):
वरच्या प्रतिसादात थोडी भर घालतो. मोबाइल टेबलावर असून उपयोग नाही, तो अंगावर हवा. आमच्या थोरल्या वहिनींनी सगळ्या गाउनना खिसे शिवून घेतले आहेत. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन चांगली आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच चालते. रात्रीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात ठेवावेत. औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि आधारची प्रत दाराच्या आतल्या बाजूला एका पाकिटात टांगून ठेवावी, आणि ७० पूर्ण झालेल्यांसाठीचे आयुष्मान कार्ड काढले असेल तर तेही त्यातच असावे, कारण ऐनवेळी कपाट दुसराच कोणीतरी उघडणार असतो.

आणखी एक. पोलीस किंवा न्यायाधीश म्हणवणारा कोणी व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका’ असे सांगू लागला, तर फोन बंद करून आधी शेजारी जावे. असा अटकेचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करावी. एकट्या राहणाऱ्यांना हे लोक मुद्दाम गाठतात.

दस्तऐवज (पुणे):
मी वकिली करतो. यजमान गेल्यानंतर फ्लॅट खरोखर आपल्या नावावर झाला आहे का, हे आधी तपासावे. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागले म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. इच्छापत्र नसेल तर आपल्याबरोबर दोन्ही मुलेही वारस असतात, आणि त्यांची तयारी असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. उलट, कितीही गोडीगुलाबी असली तरी राहते घर हयातीत बक्षीसपत्राने देऊन टाकू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ न झाल्यास असे हस्तांतरण रद्द करवता येते खरे, परंतु दस्तात सांभाळाची अट स्पष्ट होती का, यावरच न्यायालयात बराच खल होतो. इच्छापत्र हा साधा मार्ग आहे. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्याला लाभ मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

एकट्या व्यक्तीने वैद्यकीय इच्छापत्राचाही, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचाही, विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांबाबत कोणी निर्णय घ्यावा, त्याचे नाव त्यात लिहिता येते. मुलगा न्यू जर्सीत झोपलेला असताना डॉक्टरांना उत्तर देणारा माणूस पुण्यात हवा.

दूरची लेक (टोरांटो):
माझी आई सांगलीत एकटी राहते, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. जावे की राहावे हा सल्ला आपल्याला नको आहे, हे मान्य. पण हे राहणे कोणत्या टप्प्यावर थांबवायचे, ते आपणच आज लिहून ठेवावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. दिवाणखान्यात कॅमेरा लावण्यावरून आमच्यात कडाक्याचे भांडण झाले. ‘मी काय प्रदर्शनात मांडलेली वस्तू आहे?’ असे आईने विचारले आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी कॅमेरा रद्द झाला आणि त्याऐवजी आईने स्वतःच्या हाताने तीन अटी लिहून दिल्या: गॅस चालू राहिल्याचे दुसऱ्यांदा घडले, गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या, किंवा ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, तर ती बिऱ्हाड हलवेल. तेव्हापासून मी रोज प्रकृतीची उलटतपासणी घेत नाही आणि आमचे फोन पुन्हा गप्पांचे झाले आहेत.

ज्येष्ठांसाठीच्या दोनचार निवासांना आताच भेट देऊन ठेवावी. काही ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. अंथरुणाला खिळल्यावर तिथे ठेवतात का, हे स्पष्ट विचारावे.

जास्वंद:
सर्वांचे आभार. आज पाहिले, तर न्हाणीघराचे दार आतच उघडते आणि मुख्य दाराला मी रोज दोन कड्या आणि साखळी लावते. सुताराला निरोप दिला आहे. अटी लिहिण्याची सूचना मुलीला वाचून दाखवली. तिला फार पटली, मला थोडी जड गेली, पण लिहीन. एक अडचण उरते. समोरचे जोडपे माझ्याहून वयाने मोठे आहे आणि काकांना ऐकू कमी येते. किल्ली त्यांच्याकडे द्यावी का?

शुश्रूषा:
त्यांनाही एक द्या, म्हणजे त्यांचा मान राहील. खरी किल्ली मात्र त्याच इमारतीतल्या, सकाळी घरी असणाऱ्या एखाद्या तरुण कुटुंबाकडे असावी. शाळेत जाणारी मुले असलेले घर उत्तम, कारण तिथे सातला सगळे उठलेले असतात. वॉचमनकडे देऊ नका, ते वरचेवर बदलतात. आणि किल्ली दिल्यावर एकदा त्यांच्याच हातून बाहेरून दार उघडून पाहा.